बॅच दहावीचीच का?

दिवाळीनंतरचा आठवडा आणि मे महिना, या दोन हंगामांत वर्तमानपत्रांच्या जिल्हा पानावर एक बातमी हमखास असते. अमुक विद्यालयाच्या दहावीच्या माजी विद्यार्थ्यांचा स्नेहमेळावा. पंचवीस वर्षांनी पुन्हा भरला वर्ग. मजकूर इतका ठरलेला की वार्ताहराने फक्त गावाचं नाव आणि साल बदलावं. सकाळी घंटा होते, प्रार्थना आणि प्रतिज्ञा होते, निवृत्त झालेले वर्गशिक्षक हजेरी घेतात आणि टक्कल पडलेली, चाळिशी लागलेली मंडळी बाकांवर दाटीवाटीने बसून ‘हजर सर’ म्हणतात. मग दिवंगत शिक्षकांना आणि सवंगड्यांना श्रद्धांजली, हयात गुरुजनांना शाल-श्रीफळ, एकेकाने उभं राहून आपली ओळख करून देणं, दुपारचं जेवण, गाण्याच्या भेंड्या, आणि शेवटी शाळेला वॉटर फिल्टर नाहीतर साउंड सिस्टिम भेट. सूत्रसंचालन एकाने केलं, आभार दुसऱ्याने मानले. व्हॉट्सॲप आल्यापासून या मेळाव्यांना ऊत आला आहे हे खरं. पण यंत्राने फक्त माणसं शोधायची सोय केली. शोधण्याची इच्छा त्याच्या आधीची आहे.

या बातम्यांची थट्टा करणं सोपं आहे आणि ती पुष्कळांनी केली आहे. मला त्यांतली एक बाब जास्त विचार करायला लावणारी वाटते. ही बॅच जवळजवळ नेहमी दहावीची असते. बारावीच्या वर्गाचा मेळावा क्वचितच भरतो. बी.ए.ची किंवा बी.कॉम.ची तीन-तीन वर्षं एका कॉलेजात काढलेले लोक पुढे एकमेकांना शोधत फिरत नाहीत. इंजिनिअरिंग आणि मेडिकलवाल्यांचे मेळावे होतात, थाटात होतात. पण तिथे वसतिगृहाचा सहवास असतो आणि व्यवसायाची ओळखपाळखही असते, ‘रेफरन्स’ कामी येतात. दहावीच्या मेळाव्यात असा काही लाभ नसतो. तिथे जिल्हा परिषदेचा सदस्य, गवंडी, बँकेतला अधिकारी, रिक्षावाला, पुण्याला आयटीत असलेला, मोसंबीची बाग असलेला आणि काहीच न करणारा असे सगळे एका शामियान्यात येतात. त्यांतल्या निम्म्यांचं बाकीच्या निम्म्यांशी एरवी वर्षानुवर्षं बोलणंही होत नाही. तरी ते येतात, वर्गणी काढतात, सुट्टी टाकतात. हे सगळं कशाच्या ओढीने?

पहिलं उत्तर वयाचं. पंधरा-सोळा वर्षं हे वयच तसं, तेव्हाचं सगळं ठळक आठवतं, त्यात शाळेचं कौतुक ते काय, असं म्हणता येईल, आणि मानसशास्त्र याला दुजोरा देतं. चाळिशी उलटलेल्या माणसांना आयुष्यातल्या आठवणी सांगायला सांगितलं तर दहा ते तीस या वयातल्या आठवणींचा उंचवटा दिसतो. त्याच्या आधीचं आणि नंतरचं तुलनेने सपाट. वर्गमित्रांच्या बाबतीत तर हॅरी बाहरिक आणि त्याच्या सहकाऱ्यांचा १९७५ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास प्रसिद्धच आहे. अमेरिकेत हायस्कुलातून बाहेर पडलेल्या ३९२ जणांना, सतरापासून चौऱ्याहत्तर वर्षांपर्यंतच्या, त्यांच्या वर्गाच्या वार्षिक पुस्तकातले फोटो दाखवण्यात आले. शाळा सोडून पस्तीसेक वर्षं झालेल्यांनीही नव्वद टक्क्यांच्या आसपास चेहरे बरोबर ओळखले. नावं आपणहून आठवून सांगायची म्हटल्यावर मात्र त्यांची दाणादाण उडाली. मेळाव्यात पहिल्या अर्ध्या तासात जे दिसतं ते हेच: चेहरा लगेच सापडतो, नाव जिभेवर येऊन अडतं, आणि मग टोपणनाव आठवतं.

एवढं मान्य करूनही वयाचं उत्तर अपुरं पडतं. उंचवटा दहा ते तीसचा असेल, तर त्यात अकरावी-बारावी येते, पदवी येते, पहिली नोकरी येते, बहुतेकांचं लग्नही येतं. कॉलेजातलं वय तर अधिक मोकळं, हातात थोडे पैसे, घरच्यांची नजर थोडी सैल. आठवणींचं पीक तिथे जास्त यायला हवं. तसं ते येतंही, पण त्या आठवणी दोघा-चौघांच्या असतात, ‘ग्रुप’च्या असतात. अख्ख्या वर्गाची आठवण, ज्यांच्याशी कधी धड बोललोही नाही त्यांच्यासकट, ही दहावीचीच असते. वयाने आठवण ठळक कशी झाली हे कळतं. ती एवढी रुंद का झाली, हे कळत नाही.

दुसरं उत्तर परीक्षेचं. महाराष्ट्रात दहावी म्हणजे नुसती इयत्ता नाही, घरादाराला लागलेला घोर आहे. हा घोर फार जुना नाही. आधी मॅट्रिक, मग अकरावीची एस.एस.सी.; दहावीची परीक्षा पहिल्यांदा झाली ती १९७५ साली, दहा अधिक दोन अधिक तीन हा आकृतिबंध आला तेव्हा. पन्नास वर्षांत तिच्याभोवती केबल बंद करण्यापासून नवसापर्यंत सगळं जमा झालं. आजही दरवर्षी राज्यात पंधरा लाखांच्या आसपास मुलं या परीक्षेला बसतात. एवढा मोठा घाट एकत्र चढल्यावर सोबत्यांबद्दल आपुलकी वाटणारच, असा हा युक्तिवाद. पण दहावीचा घाट कुणी एकत्र चढत नाही. परीक्षेला नंबर दुसऱ्याच केंद्रावर येतो, शेजारच्या बाकावर दुसऱ्या शाळेचा मुलगा असतो, आणि फेब्रुवारीतल्या निरोप समारंभानंतर वर्ग असा उरतच नाही. मेळाव्यातल्या गप्पा ऐकल्या तरी हे कळतं. पेपर कसा गेला यावर तिथे कुणी बोलत नाही. बोलतात ते आठवी-नववीवर: गॅदरिंगमधलं नाटक, सहलीची एसटी, पीटीचे सर, इंग्रजीच्या तासाला खाल्लेल्या छड्या. मिलिंद बोकिलांनी ‘शाळा’ ही कादंबरी लिहिताना नायकाला दहावीत नव्हे तर नववीत ठेवलं, त्यामागचा त्यांचा विचार काहीही असो, वाचकाला ते वर्ष अचूक वाटतं. दहावी बोर्डाची असते. नववी अजून मुलांची असते. २०२० साली कोरोनामुळे शेवटचा भूगोलाचा पेपर रद्द झाला आणि २०२१ साली तर परीक्षाच झाली नाही; अंतर्गत मूल्यमापनावर निकाल लागला तो ९९.९५ टक्के. त्या मुलांच्या बॅचचा रौप्यमहोत्सव यायला अजून पुष्कळ अवकाश आहे, त्यामुळे आजच निवाडा देता येत नाही. पण त्यांचं काय हुकलं असं विचारलं तर परीक्षा हे उत्तर बहुधा शेवटून पहिलं येईल.

मग राहतं काय? माझ्या मते खरं कारण वर्गाच्या घडणीत आहे. दहावीचा वर्ग ही बहुतेकांच्या आयुष्यातली शेवटची अशी जागा, जिथे शेजारी कोण बसणार हे आपण निवडलेलं नसतं आणि आपल्या गुणांनी, पैशाने किंवा पेशानेही ते ठरलेलं नसतं. खेड्यात प्राथमिक शाळा जिल्हा परिषदेची, चौथीपर्यंत किंवा सातवीपर्यंत. पुढे मूल मोठ्या गावच्या हायस्कुलात जायचं. हे हायस्कूल बहुधा एखाद्या शिक्षणसंस्थेचं, खासगी पण अनुदानित: इमारत संस्थेची, मास्तरांचा पगार सरकारचा, फी नावापुरती. (अशा असंख्य मराठी शाळांचं नाव ‘न्यू इंग्लिश स्कूल’ असतं, आणि त्याचं कुणालाच काही वाटत नाही.) पंचक्रोशीतल्या आठ-दहा वाड्यांची पोरं तिथे येत: काही चालत, काही सायकलवर डबलसीट, काही एसटीच्या पासवर. दुसरं हायस्कूल परवडण्यासारख्या अंतरावर नसे, म्हणून सावकाराचा मुलगा आणि सालगड्याचा मुलगा एकाच वर्गात. निवडायला काही नव्हतं, म्हणून निवड झाली नाही.

ही मिसळ आपोआप झाली, असं मात्र नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली काले गावी रयत शिक्षण संस्था काढली आणि १९२४ साली साताऱ्यात वसतिगृह सुरू केलं, तेव्हा वेगवेगळ्या जातींच्या मुलांनी एकत्र राहायचं, एकत्र रांधायचं आणि एका पंगतीला बसायचं हा त्यातला मुख्य मुद्दा होता. शिक्षण हे त्या पंगतीचं निमित्त होतं असं म्हटलं तरी चालेल. त्या काळात हे किती अवघड होतं, याची आज कल्पना येणार नाही. पुढे रयतच्याच चारशेहून अधिक माध्यमिक शाळा झाल्या आणि त्या वाटेने, किंवा निदान त्या वाटेचं नाव घेत, तालुक्या-तालुक्यांतून इतर संस्था उभ्या राहिल्या. त्यांत राजकारण आलं, भरतीतले व्यवहार आले, संस्थाचालकांचे गट आले. तरीही चार-पाच दशकं या शाळांनी एक काम बिनबोभाट केलं. एका पिढीतल्या नाना घरच्या पोरांना तीन वर्षं एका छपराखाली बसवलं.

आणि कसं बसवलं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. हजेरीपट आडनावांच्या बाराखडीने लागे. आधी मुलं, मग मुली. त्यामुळे पाटलांच्या पोराच्या वरच पवारांचं, आणि पवार म्हटलं की त्यात कितीतरी जातींचे पवार. प्रयोगशाळेत टेबलं वाटायची ती हजेरी क्रमांकाने, कवायतीची रांग मात्र उंचीने, आणि बाक ठरायचा वर्गशिक्षकांच्या लहरीने. तिघांच्या बाकावर चौघं. कर्कटकाने बाकावर कोरलेलं नाव आपल्या आधीच्या तीन बॅचेसचं. ‘एकवीस अपेक्षित’चा एक संच तिघांत फिरायचा. ज्याच्याकडे तो असे तो घरचा बरा, ज्याला गणित येई तो बहुधा घरचा बरा नसे. दोघांचं एकमेकांवाचून अडे. चित्रकलेच्या ग्रेड परीक्षेला रंगपेटी एकाची आणि हात दुसऱ्याचा. हे काही समतेचं आंदोलन नव्हतं, पोरांना त्याची जाणीवही नव्हती. पण या लहानसहान अडणुकींतून एकमेकांच्या घराची, खाण्याची, भाषेची जी माहिती होते, ती नंतर कुठल्याही मार्गाने होत नाही.

अशा योगायोगी शेजाराचा काही परिणाम होतो का, की हा नुसता भाबडेपणा? यावर आपल्याकडचाच एक नीट पुरावा आहे. शिक्षणहक्काच्या कायद्याच्या आसपास दिल्लीतल्या श्रीमंतांच्या खासगी शाळांना गरीब घरच्या मुलांना प्रवेश देणं भाग पडलं, तेव्हा गौतम राव या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या सधन मुलांचा अभ्यास केला. २०१९ साली तो ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये छापून आला. गरीब वर्गमित्र लाभलेली सधन मुलं अधिक उदार निघाली, आणि पळण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब मुलाला त्याच्या गरिबीसाठी डावलण्याचं प्रमाण त्यांच्यात कमी होतं. अभ्यासावर म्हणण्यासारखा वाईट परिणाम झाला नाही. इंग्रजीत तेवढी थोडी घसरण. माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने त्यातला एक तपशील फार बोलका आहे. काही शाळांत अभ्यासगट नावांच्या आद्याक्षरांनुसार पाडलेले होते, आणि नुसत्या आद्याक्षरामुळे गरीब मुलाशेजारी आलेल्या मुलांवरही हाच परिणाम दिसला. आपल्या हायस्कुलांतल्या हजेरीपटाने जे अजाणता केलं त्याचा हा मोजून मिळालेला दाखला म्हणायला हरकत नाही.

दहावीच्या निकालानंतर ही मिसळ झटक्यात मोडते. जूनमध्ये गुणपत्रिका हातात पडते आणि महिन्याभरात वर्गाच्या पाच-सात वाटा होतात. सायन्सवाले तालुक्याला किंवा जिल्ह्याला, कॉमर्स-आर्ट्स जवळच्या ज्युनिअर कॉलेजात, काही आयटीआयला, काही डिप्लोमाला, काही शेतावर, काही मुंबईला मामाकडे कामाला, मुलींपैकी काहींची लग्नं. नापास झालेले पूर्वी ऑक्टोबरच्या वाऱ्या करत. या वाटांवर कोण कुठे जाणार हे गुणांवर ठरतं असं आपण समजतो, आणि बऱ्याच अंशी ते घरच्या ऐपतीवर आधीच ठरलेलं असतं. अकरावीच्या वर्गात पहिल्या दिवशी डावी-उजवीकडे पाहिलं तर सगळे आपल्यासारखेच, त्याच टक्केवारीतले. शहरांत तर कटऑफच्या याद्या दशांश चिन्हानंतरही दोन आकड्यांपर्यंत माणसं वेगळी करतात. तिथून पुढे प्रत्येक पायरीवर, कॉलेज, नोकरी, सोसायटी, क्लब, सगळीकडे आपल्याला आपल्यासारखेच लोक भेटत राहतात. पंचवीस वर्षांनी माणूस ज्या वर्गाकडे परत जातो, तो ही चाळणी लागण्याआधीचा शेवटचा वर्ग असतो. दहावीच्या बॅचची ओढ मला या कारणाने नुसती हळवी वाटत नाही. आपण आपल्यासारख्यांतच कोंडले गेलो आहोत, याची ती अंधूक कबुली आहे.

इथे सर्वांत वजनदार आक्षेप येतो. ही मिसळ होती तरी कुणासाठी? बाकावर सगळे होते, पण सगळे सारखे होते का? मराठी साहित्याने याचं उत्तर आपल्याला कधीच देऊन ठेवलं आहे. शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त शाळेच्या सहलीचा प्रसंग आहे. जेवायच्या वेळी सवर्णांची मुलं एका झाडाखाली आणि महारांची मुलं वेगळ्या झाडाखाली; उरलेलं अन्न कुणाच्या वाट्याला आलं ते वाचताना घास अडकतो. आणि मग मास्तर त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात. शाळेच्या रम्य आठवणी लिहिणाऱ्या प्रत्येकाने हा प्रसंग एकदा वाचून मग लेखणी उचलावी. नागराज मंजुळेंच्या ‘फँड्री’ या चित्रपटात जब्या ज्या वर्गातल्या मुलीवर जीव टाकतो, त्याच वर्गातली पोरं त्याचं कुटुंब डुकरं पकडत असताना फिदीफिदी हसत उभी असतात. जब्याची पुढे कुठली बॅच असेल आणि तिच्या मेळाव्याला तो जाईल का? गेला तर ओळख करून देताना काय बोलेल?

जातीच्या जोडीला तुकडीही होती. अ, ब, क हे नुसते विभाग नव्हते. बहुतेक शाळांत हुशारांची अ आणि उतरत्या क्रमाने पुढच्या. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांनी २००२ साली ‘दहावी फ’ हा चित्रपट काढला तेव्हा नावातच सगळं आलं होतं: दुर्लक्षित तुकडीतली पोरं, त्यांचा अपमान, चिडून केलेली मोडतोड आणि त्यांच्या बाजूने उभे राहिलेले शिक्षक. तुकडीच्या पलीकडे आणखी एक सोय होती, तिच्याबद्दल मेळाव्यांत कुणी बोलत नाही. शाळेचा निकाल शंभर टक्के लागावा म्हणून नववीतून कच्च्या मुलांना हळूच बाजूला काढायचं आणि सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला सांगायचं. कागदोपत्री हा खासगी विद्यार्थ्यांसाठीचा साधा अर्ज. व्यवहारात पुष्कळ ठिकाणी तो वर्गातून नाव कमी करण्याचा सभ्य मार्ग झाला. म्हणजे ‘दहावीची बॅच’ म्हणून जी पंचवीस वर्षांनी जमते, तिच्यातून काहींना दहावीच्या आधीच वगळून झालेलं असतं.

आणि मुली. त्यांची अडचण निराळीच. सासरचं आडनाव लागलेलं, काहींचं पहिलं नावसुद्धा बदललेलं. त्यांचा फोन नंबर मिळवायला माहेरच्या वाडीतल्या भावजयीपर्यंत जावं लागतं. नंबर मिळाला तरी ग्रुपमध्ये घेण्याआधी ‘घरी विचारून सांगते’ असं उत्तर येतं. २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या वीस ते चोवीस वयाच्या बायकांपैकी जवळजवळ बावीस टक्के बायकांचं लग्न अठरा पूर्ण होण्याआधी झालेलं आढळलं. आजही हे प्रमाण असेल, तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या वर्गात ते काय असेल याचा अंदाज करायला तज्ज्ञ लागत नाही. मुलांच्या दृष्टीने दहावीनंतर वाटा फुटल्या. अनेक मुलींच्या दृष्टीने तिथे वाटच संपली. मेळाव्याला ज्या येतात त्या मनापासून येतात, कधीकधी पुरुषांहून अधिक मनापासून, कारण त्यांच्यातल्या कित्येकींना स्वतःच्या नावाने कुणी हाक मारल्याला बरीच वर्षं झालेली असतात.

हे सगळं मान्य केलं तर माझा मुद्दा कोसळतो का? मला तसं वाटत नाही. वर्गात समता होती, असं मी म्हणत नाही. शेजार होता, एवढंच म्हणतो. शेजार आणि समता यांत फार अंतर आहे; शेजारात अपमानही होतो, किंबहुना जवळून होतो म्हणून तो जास्त लागतो. सहलीत दोन झाडं होती हे खरं, पण सहल एक होती, म्हणून तर दोन झाडं दिसली, टोचली आणि एका आत्मकथनात कायमची नोंदली गेली. जिथे शाळाच वेगळ्या, तिथे झाडांचा प्रश्नच येत नाही आणि निबंध लिहायला सांगणाऱ्या मास्तरांना अवघडल्यासारखं होण्याची वेळही येत नाही. दलित आत्मकथनांतला शाळेबद्दलचा राग आणि मेळाव्यातल्या सुखवस्तू माणसाचा गहिवर या दोन्ही गोष्टी एकाच वस्तुस्थितीतून येतात, ती म्हणजे एकत्र बसवलं जाणं. एकाला त्यातलं ‘एकत्र’ आठवतं, दुसऱ्याला ‘बसवलं जाणं’. पहिल्याची आठवण खोटी नाही, अर्धी आहे. आणि ती अर्धी आहे हे त्याला कळण्याचा संभव असलेली जागाही तीच, तो मेळावा. एरवी त्याच्या सोसायटीत हे त्याला सांगणार कोण? ओळख करून देताना एखादा जण सहज म्हणून जातो की मला सहलीला कधी यायला मिळालं नाही, कारण पन्नास रुपये नव्हते. आणि सहलीच्या गमती रंगवून सांगणारा क्षणभर गप्प होतो. असे क्षण बातमीत येत नाहीत, पण मेळाव्यांचं काही मोल असेल तर ते गाण्याच्या भेंड्यांपेक्षा यात जास्त आहे.

कुणी म्हणेल, स्मरणरंजनाला एवढं समाजशास्त्र कशाला चिकटवायचं? लोक हसायला, खायला, जुन्या सरांना भेटायला जातात, जाऊ द्यावं. जाऊ द्यावंच. पण एक विसंगती अशी आहे की तिच्याकडे काणाडोळा करता येत नाही. जी बॅच डोळ्यांत पाणी आणून शाळेला बाक आणि फिल्टर भेट देते, तिच्यातल्या बऱ्याच जणांची स्वतःची मुलं त्या शाळेत नाहीत. ती तालुक्याच्या इंग्रजी माध्यमात, पिवळ्या बसने जाणाऱ्या शाळेत आहेत. यात पालकांना दोष देण्यात अर्थ नाही. इंग्रजी लागतं, गणिताचे शिक्षक इकडे दोन वर्षं आलेच नाहीत, कारणं खरी आहेत. परिणाम मात्र असा की जी चाळणी पूर्वी सोळाव्या वर्षी लागायची ती आता तिसऱ्या वर्षी लागते, नर्सरीच्या फीच्या आकड्याने. पूर्वीच्या हायस्कुलांची पटसंख्या घटते, तुकड्या बंद पडतात, शिक्षक अतिरिक्त ठरतात आणि उरतात ती ज्यांना दुसरीकडे जाणं शक्य नाही अशांची मुलं. शाळा तीच, इमारत उलट आता बरी, पण मिसळ गेली.

कायद्याने हे थोडं अडवायचा प्रयत्न केला. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने खासगी शाळांत पंचवीस टक्के जागा दुर्बल घटकांसाठी ठेवल्या. २०२४ साली राज्य सरकारने नियम बदलून, किलोमीटरभरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी शाळेला यातून सूट दिली, आणि त्याच वर्षीच्या जुलैत मुंबई उच्च न्यायालयाने तो बदल रद्द ठरवला. न्यायालयात जे वाचलं तेही आठवीपर्यंतच, कारण कायदा चौदा वर्षांपर्यंतचा. आठवी संपली की पंचवीस टक्क्यांतल्या मुलापुढे पूर्ण फीचं बिल येतं आणि नववीत तो बहुधा दुसऱ्या शाळेत असतो. म्हणजे ज्या नववी-दहावीच्या आठवणींवर आपली पिढी जगते, नेमक्या त्याच दोन वर्षांच्या उंबऱ्यावर कायदा थांबतो. जे वर्गात उरतात त्यांतले अनेक दुपारनंतर क्लासला, तिथेही जेईईची बॅच वेगळी आणि नीटची वेगळी. या मुलांनाही पुढे चेहरे आठवतील, बाहरिकचा अभ्यास त्यांनाही लागू आहेच. पण त्यांच्या ग्रुपमध्ये रिक्षावाला असेल का, गवंडी असेल का, याबद्दल मला शंका आहे.

मेळावा भरवणाऱ्यांच्या हातात यातलं फार काही नाही. एक गोष्ट मात्र आहे आणि ती अगदी कारकुनी स्वरूपाची आहे: निमंत्रितांची यादी कशावरून करायची. सहसा ती दहावीच्या निकालाच्या कागदावरून होते, नाहीतर निरोप समारंभाच्या फोटोवरून. शाळेच्या कपाटात आठवीचा हजेरीपटही असतो आणि जनरल रजिस्टरही असतं, ज्यात प्रवेशाच्या तारखेपासून शाळा सोडल्याच्या कारणापर्यंत सगळे रकाने भरलेले असतात. तो पट काढला की यादी वाढते. त्यात नववीत लग्न झालेली सापडते, ऊसतोडीला आईबापांबरोबर गेलेला सापडतो, सतरा नंबरवाला सापडतो. काही बॅचेस आता तसं करू लागल्या आहेत. काम किचकट आहे. मुकादमाला फोन करावा लागतो, कधी पत्ता लागतो, कधी ‘तो आता इकडे राहत नाही’ एवढंच कळतं, आणि कधी समोरचा माणूस स्वच्छ सांगतो की मी तुमच्या बॅचचा नाही, मी दहावी केलेली नाही.